दोनशे चौदा तक्रारी

१

रविवारी सकाळी अकोल्याहून गाडीभर पाहुणे मुलगी पाहायला दर्यापूरला जानरावांच्या दारात उतरले, तेव्हा जानराव बनियनवर बसून फवारणीचा पंप खोलत होते. बायको कापूस वेचायला शेतात गेलेली. मुलगी, म्हणजे वर्षाली, डोक्याला मेंदी थापून ओट्यावर बसलेली. इकडे नवरा मुलगा कडक इस्त्रीच्या शर्टात, त्याची आई शालूताई ठेवणीतल्या लुगड्यात आणि मागे मामा पेढ्यांचा पुडा घेऊन.

"जानरावांचं घर हेच ना?" मामांनी विचारलं.

"हेच. कोन पाह्यजे तुमाले?"

पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते मला तीन माणसांनी तीन प्रकारे सांगितलं. शेवट मात्र तिघांचा एकच. पाहुणे घोटभर पाणी न पिता परत गेले, आणि शालूताई जाता जाता म्हणाल्या की असा अपमान आमचा जन्मात कोणी केला नाही.

ही बैठक ठरवली होती अमरावतीच्या खुशालरावांच्या वधू-वर सूचक केंद्राने. तिथे सगळ्या घरांना फोन करायचं काम पौर्णिमाकडे. ती माझ्या शेजारी राहते, सातवीत माझी विद्यार्थिनी होती. मी शेषराव, निवृत्त मास्तर. तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे कोणी कोणाला का मारलं हे मला चटकन कळतं अशी माझी समजूत होती. या आठवड्यात ती पार मोडली.

सोमवारी दुपारी पौर्णिमा दारात येऊन उभी राहिली. डोळे रडून सुजलेले.

"काका, ऑफिसच्या फोनवरून तुमाले सकायपासून चार डाव लावला. उचलूनच नाई राहिले तुमी."

"माझा वाजलाच नाही," मी म्हणालो आणि खिशातून फोन काढून दाखवला. मोबाइल या वस्तूवर माझा भरवसा नाही, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला. "आधी आत ये. झालं काय?"

तिने सगळं सांगितलं. जानरावांना तिने आठवडाभरात नऊ वेळा फोन केला होता, त्यांनी एकदाही उचलला नाही. आता जानराव म्हणत होते, बाई खोटं बोलते, तिनं फोनच केला नाही. शालूताईही तेच म्हणत होत्या. आणि खुशालराव तर याच्याही पुढे गेले होते. पौर्णिमाने केंद्राच्या यादीतले नंबर कुठल्याशा विमेवाल्यांना विकले, म्हणून लोक केंद्राचा फोन उचलत नाहीत, असं ते दोन्ही घरांना सांगून मोकळे झाले होते.

"शनिवारपर्यंत कबूल कर म्हनते. नाई तं समाजाच्या ग्रुपवर माहा फोटो टाकून सगळ्याईले सांगतो म्हनते. काका, मी कोनाचाच नंबर कोनाले नाई देल्ला."

"मग लोक उचलत का नाहीत?"

तिने पिशवीतून केंद्राचा फोन काढला आणि त्यावरून स्वतःच्याच मोबाइलला लावला. तिचा मोबाइल वाजला, आणि पाहता पाहता त्याचा पडदा लालभडक झाला. खुशालरावांच्या केंद्राचं नाव तिथे नव्हतंच. त्याऐवजी लिहिलं होतं: स्पॅम. सावध राहा. २१४ जणांची तक्रार.

२

मला काही सुचेनासं झालं की मी अकोल्याला ताईला फोन करतो. माझी थोरली बहीण मनकर्णा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं ट्रंक ऑपरेटर होती. माणूस "हॅलो" कसं म्हणतो यावरून घरात भांडण झालंय की पाहुणे आलेत हे ती सांगायची. मंगळवारी सकाळच्या गाडीने ती आली आणि चहासुद्धा न घेता म्हणाली, "चाल, त्या खुशालरावकडे."

राजकमल चौकाजवळ जिना चढून गेलं की केंद्राची एकच खोली लागते. भिंतीवर जमलेल्या जोडप्यांचे फोटो. तिथे मी पूर्वीही गेलो होतो. माझ्या मनोजचं नाव दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडेच घातलं होतं. पुढे त्याचं लग्न त्याच्या मामीनेच जमवलं, ती गोष्ट वेगळी.

खुशालरावांनी ताईला खुर्ची दिली आणि बोलायला सुरुवात केली. ते थांबेचनात.

"माह्या वाईटावर तीन मानसं हायेत, बाई. एक तो अकोल्याचा धर्मपाल. त्याचं बी सूचक केंद्र हाय, माह्यावर जयते. दुसरा विपुल. माह्याच इथं कॉम्प्युटरवर होता, भांडून गेला. अन् तिसरी हे." त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या पौर्णिमाकडे हनुवटी केली. "घरात राहून घर फोडनारी."

"अकोल्याच्या पाहुन्याईले रविवारी या म्हून कोनं सांगतलं?" ताईने विचारलं.

"मीच सांगतलं. काहून?"

"जानराव हो म्हनले होते?"

"दिवाळीच्या आधी म्हनले होते, कळवतो. नाई तं नाई म्हनले ना! आमच्या धंद्यात जो नाई म्हनत नाई, त्याचं होच असते. अन् मी पौर्णिमाले सांगूनच ठेवलं हाय, समोरचा चोख उत्तर देत नाई तोवर फोन करत राहाचा. रोज करा, दोनदा करा. मानूस कंटाळून तरी बोलते."

ताईने पौर्णिमाची जाडजूड वही मागितली. प्रत्येक फोनची नोंद त्यात होती: तारीख, घर, समोरचा काय म्हणाला. आणि दर सोमवारच्या पानावर, वर कोपऱ्यात, एक आकडा.

"हे काय?"

"नंबर लाल दिसाले लागला तवापासून तक्रारी किती झाल्या थे लिहून ठेवते मी," पौर्णिमा म्हणाली. "गणपतीपासून सांगून राहिली यायले. ऐकतच नाई कोनी."

खुशालरावांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. खाली उतरताना मी ताईला म्हणालो की मला या धर्मपालवर संशय येतो.

"त्याले तू पाहेल तरी हाय का?"

"नाही."

"मंग चूप बस," ताई म्हणाली. वहीतला तो वाढत जाणारा आकडा मात्र माझ्या डोक्यातून जाईना. दोनशे चौदा माणसं एका पोरीच्या वाईटावर का उठावीत?

३

विपुलने आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तो भांडखोर असेल अशी माझी कल्पना होती. निघाला अगदी गरीब पोरगा. आम्ही आलो म्हणून त्याने स्टुलावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली.

"मीनं केलं असतं तं सांगतलं असतं, आत्याबाई," तो ताईला म्हणाला. "राग तं होताच मले. खुशालरावनं माह्यासमोर माह्या बायकोचा फोटो भिंतीवरून काढला, चांगला नाई दिसत म्हनून. पन हे एका मानसाचं कामच नोहे."

"काहून?"

"एका फोनवरून शंभर डाव तक्रार केली तरी एकच धरते. दोनशे चौदा तक्रारी म्हंजे दोनशे चौदा येगयेगळे फोन. तेवढे फोन कोन आनन?"

मी म्हणालो, "एखाद्याने दोनशे लोकांना सांगितलं तर?"

"तं तो दोनशे घराईले ओयखनारा पाह्यजे, गुरुजी. घरातल्या मानसाईचे नंबर पाह्यजे त्याच्याजवळ. त्याच्या शब्दावर लोकं बटन दाबाले पाह्यजे." मग विपुल नाइलाजाने म्हणाला, "असं एकच मानूस मले मालूम हाय."

त्याने नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत लग्नाची मुलं असलेल्या प्रत्येक घराशी रोज बोलणारी बाई एकच होती, आणि ती काल रडून सुजलेल्या डोळ्यांनी माझ्या दारात उभी होती. मला पौर्णिमाबद्दल पहिल्यांदा शंका आली. त्या शंकेची आजही लाज वाटते.

४

बुधवारी अकोला. धर्मपालचं केंद्र जठारपेठेत, पत्र्याच्या शेडमध्ये. धर्मपाल उंचापुरा, बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्या माणसावर माझा आधीच विश्वास बसत नाही. खुशालरावांचा नंबर लाल झाला हे ऐकून तो खूश होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. उलट त्याचा चेहराच उतरला.

"तुमचा नंबर द्या, बाई," तो ताईला म्हणाला. "मी लावून दाखवतो."

त्याने लावला. ताईच्या हातातला फोन वाजला. लाल पडदा. स्पॅम. १८० जणांची तक्रार.

"हा माहा तिसरा नंबर," धर्मपाल म्हणाला. "दर चार महिन्यानं नवा घेतो अन् चार महिन्यात थो लाल होते. मले वाटे खुशालरावच करून राहिला. थो माह्यावर अन् मी त्याच्यावर! आमी दोघंबी येडे."

ज्याच्यावर संशय तोच बळी. शत्रू दोघांचा एकच असेल तर तो कोण? लग्नं जमू नयेत असं कोणाला वाटत असेल? मी रस्त्याने चालताना ताईला हा सिद्धांत सांगितला. ती म्हणाली, "उन्हात बोलू नको जास्त."

तिथूनच आम्ही शालूताईंकडे गेलो. त्यांचा राग अजून तापलेलाच होता.

"त्या केंद्राचा फोन येते तुमाले?" ताईने विचारलं.

"येते तं! दिवसभर वाजते. लाल दिसते म्हून मी उचलत नाई. खुशालरावनं त्याच्या सोताच्या नंबरवरून लावला, तवा समजलं रविवारचं."

"वाजते म्हंता. वाजते नक्की?"

"वाजते म्हंजे? कानठळ्या बसते माह्या. पौर्णिमानं आमाले तोंडघशी पाडलं, आत्याबाई. सोडाची नाई तिले."

ताई पुढे काही विचारणार नव्हती असं दिसलं. पण उठताना तिने शालूताईंना असं काही विचारलं की मला तिच्या वयाची काळजी वाटली. "तुमी या पोरासाठी आतापावतर किती पोरी पाहेल्या? अन् नाई किती जनीले म्हनलं?"

"पंधरा-सोळा पाहेल्या," शालूताई म्हणाल्या. मग ताईकडे न बघता, "नाई कोन म्हनते बाई तोंडानं? आपल्याबी पोटी लेकरू हाय."

५

गुरुवारी दर्यापूर. बसस्टँडपासून जीपने गेलो. मी मागे दोन पोत्यांच्या मध्ये आणि ताई पुढे ड्रायव्हरशी गप्पा मारत. जानराव घरीच होते. पंप अजून ओट्यावर खोललेलाच होता.

"फोन आला असता तं मी काय असा बसलो असतो?" ते म्हणाले. आवाज चढलेला. "बाई खोटी हाय. नऊ डाव लावला म्हनते. एक डावबी नाई वाजला. माही लेक त्या अवतारात बसेल. तिच्या आईले वावरात समजलं. गावभर झालं, बाप्पा."

"लाल दिसला म्हून उचलला नसन," मी म्हणालो.

"लाल ना पिवळा. वाजलाच नाई म्हनतो ना! सक्काय-संध्याकाय फोन माह्या उशाशी. वाजलाच नाई!"

ताईने मान वर केली. एक्स्चेंजमध्ये असताना लाइनवर काही वेगळं ऐकू आलं की ती अशीच मान वर करायची, हे तिची जुनी मैत्रीण सांगते.

वर्षाली पाणी घेऊन आली. मेंदीमुळे केस तांबूस झाले होते. ताईने तिच्या हातून पेला घेतला. "पोरी, पाहुने असे परत गेले. वाईट वाटलं असन तुले?"

वर्षालीने वडिलांकडे पाहिलं. मग तिला हसू आवरेना, ओढणी तोंडाला लावून ती आत पळाली. जानराव पंपाच्या नळीत फुंकर मारत बसले, बराच वेळ.

परतीच्या वाटेवर मी ताईला म्हणालो, "आता मात्र मला काहीच कळत नाही. शालूताईंचा वाजतो, जानरावांचा वाजत नाही. एकच नंबर, एकच फोन करणारी. मग पौर्णिमाने जानरावांना फोनच केला नसेल का?"

"तुह्या डोक्यात आता थे बसलं म्हन की," ताई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. मला तिचा इतका राग आला की मी अमरावतीपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

६

शुक्रवारभर ताई माझ्या घरी पौर्णिमाची वही वाचत बसली. ती इतकी मन लावून वाचत होती की जेवायला तीनदा हाका माराव्या लागल्या. संध्याकाळी तिने मला आणि पौर्णिमाला समोर बसवलं.

"हे पाहा. गणपती उठले तवा तक्रारी एकशे एकतीस. पितृपक्ष सुरू झाला. पंधरा दिवसानं किती? एकशे एकतीस. एकबी वाढली नाई. नवरात्र बसलं अन् परत वाढाले लागल्या. शेषा, दुस्मन पितृपक्ष पायते का?"

मी विचार केला. "शत्रू नाही पाळत."

"नाई पायत. पितृपक्षात कोन थांबते? सोयरीक पाहनारे थांबते. म्हंजे तक्रार करनारे सोयरीकवालेच. केंद्रातलीच घरं."

"पन त्याईनं काहून केली, आत्याबाई?" पौर्णिमा म्हणाली. "मी तं सगळ्याईसंग गोड बोलते."

"मले सांग, या वहीत तू सहाशे फोन लिहेले. समोरचा जे म्हनला तेच लिहेलं ना?"

"अक्षर न् अक्षर."

"कळवतो. पत्रिका पाहतो. दिवाळीनंतर बघू. पोरगा पुण्याहून येऊ द्या. त्याच्या मामाले इचारतो." ताईने वहीतलंच वाचून दाखवलं. "आता मले एक दाखव. सहाशे फोनात नाई असा शब्द कुठं हाय?"

पौर्णिमाने वही ओढून घेतली. पानं उलटली, परत उलटली. मीही वाकून पाहिलं. एकाही पानावर, एकाही ओळीत, कोणीही "नाही" म्हटलेलं नव्हतं. सहाशे फोन, आणि एकही नकार नाही. दर कळवतोच्या खाली मात्र चार-पाच ओळी तशाच: उचलला नाही, उचलला नाही, उचलला नाही.

आम्ही वऱ्हाडी माणसं तोंडावर बोलण्यासाठी बदनाम आहोत. भाजीवालीला, पुढाऱ्याला, सख्ख्या जावयालाही आम्ही समोरच्या समोर सुनावतो. पण कोणाच्या लेकराला नकार द्यायची वेळ आली की आमची जीभ टाळूला चिकटते. हे मला इतकं माहीत होतं की इतक्या दिवसांत ते दिसलंच नाही.

"लाल नंबर वाजते," ताई सावकाश म्हणाली. "शालूताईचा वाजला. पौर्णिमाचा वाजला. माहा वाजला. न वाजनारे दोनच सापडले मले. एक जानराव." तिने हात पुढे केला. "शेषा, तुहा फोन दे इकडं."

मी दिला. का मागते ते मला खरंच कळलं नाही. तिने कुठेतरी आत आत जाऊन एक यादी उघडली आणि पडदा माझ्यापुढे धरला. बंद केलेले क्रमांक. यादीत एकच नंबर होता.

"कोनाचा हाय हा?"

पौर्णिमाने तो वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. केंद्राचाच होता.

७

शनिवारी संध्याकाळी केंद्रात आम्ही चौघं होतो: खुशालराव, पौर्णिमा, ताई आणि मी. खुशालरावांनी ग्रुपवर टाकायचा मजकूर तयारच ठेवला होता, पौर्णिमाच्या फोटोसकट. ते तो वाचून दाखवणार, इतक्यात मीच बोललो. आदल्या रात्री झोप लागली नव्हती आणि ते एकदाचं बोलून टाकायचं होतं.

"खुशालराव, दोन वर्षांपूर्वी तुम्ही आम्हाला भातकुलीचं स्थळ दाखवलं. मुलगी चांगली होती. मनोजला पसंत पडली नाही. तिचे वडील भला माणूस, जेवल्याशिवाय सोडलं नाही आम्हाला. त्यांना नाही कसं म्हणायचं? मी म्हणालो, कळवतो. मग तुमच्या केंद्रातून फोन यायला लागले. सकाळी, दुपारी. शेवटी एक दिवस मी नंबर बंद करून टाकला. ब्लॉक म्हणतात तो. त्या बटणाखाली एक चौकोन होता, त्यात आधीच बरोबरची खूण केलेली होती. काय लिहिलंय ते मी वाचलंही नाही."

"काय लिहेलं होतं?" खुशालरावांनी विचारलं.

"हा क्रमांक स्पॅम म्हणून कळवा," ताई म्हणाली. "असे दोनशे चौदा शेषराव हायेत, खुशालराव. त्याईनं तक्रार नाई केली. नकार देल्ला, जसा जमला तसा. अन् तुमी म्हनले, चोख उत्तर येत नाई तोवर फोन करा. पौर्णिमानं तुमचं ऐकलं, म्हून नंबर लाल झाला. नंबर कोनं विकले नाई. धर्मपालचं बी तेच होऊन राहिलं."

खुशालरावांनी घसा खाकरला. "गुरुजी, तुमचं नाव कायले घ्याचं उगाच? तुमी समाजातले मोठे. आपन जानरावले सांगू, मशिनची चूक झाली. पौर्णिमाबी सुटली, तुमीबी सुटले."

मी पौर्णिमाकडे पाहिलं. ती आठवडाभरात पहिल्यांदा चिडलेली दिसली.

"मशिनची चूक म्हनलं तं कोनी माननार नाई, काका," ती म्हणाली. "लोकं म्हनतीन पौर्णिमाले वाचवाले बहाना केला. माहं नाव मानसानं घाण केलं, थे मानसानंच साफ करा. मले लय राग आला तुमचा. कालपासून हाय. बोलली नाई, बस."

तिचं बरोबर होतं. खुशालरावांनी स्वतःच्या मोबाइलवरून जानरावांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि माझ्यापुढे ठेवला. मुलांसमोर तीस वर्षं बोललो, पण एका शेतकऱ्याला एवढं सांगताना शब्द शोधावे लागले. मी सगळं सांगितलं. भातकुली, कळवतो, बटण, चौकोन. पौर्णिमाने नऊ वेळा फोन केला होता, तुमचाही माझ्यासारखाच वाजला नाही, पण ती खोटी नाही, हेही सांगितलं.

ताई पुढे वाकली आणि पलीकडच्या शांततेकडे कान देऊन बसली.

"गुरुजी," शेवटी जानराव म्हणाले. आवाज एकदम खाली आलेला. "मीनंबी दाबलं होतं थे. दिवाळीच्या आधी. वर्षालीच्या मनात नोहता हा पोरगा. तिनं साफ सांगतलं मले. पन त्याईनं दोन डाव मानसं पाठवली होती, पेढे पाठवले. कसं नाई म्हनाव? मले वाटलं, फोन बंद केला का समजून जातीन. समजले नाई, घरीच आले. मंग मी बाईवर ढकललं सगळं. पौर्णिमा हाय का तिथं?"

"हाय, जानराव काका."

"बाई, मी खोटं बोललो. तू नऊ डाव लावला असशीन. गावात जिथं जिथं बोललो तिथं जाऊन सांगतो." मग, एखादी जड गोणी उतरवून ठेवावी तसा श्वास सोडून, "अन् थ्या अकोलेवाल्याईले सांगून दे. आमची नाई हाय."

खुशालरावांनी ग्रुपचा मजकूर आमच्यासमोर पुसून टाकला. पौर्णिमाने त्यांना तो फोटोही काढून टाकायला लावला आणि खरंच गेला की नाही ते स्वतः पाहिलं.

मग शालूताईंना नकार कळवायचा राहिला होता. खुशालराव म्हणाले, उद्या सांगू, परवा सांगू, थोडं थंड होऊ द्या. पौर्णिमाने त्यांचाच मोबाइल उचलला आणि लावला.

"काकू, पौर्णिमा बोलून राहिली. दर्यापूरच्या पोरीकडून नाई हाय. त्याईनं दिवाळीच्या आधीच ठरवेल होतं, सांगतलं नोहतं. रविवारचं थे त्यातूनच झालं. आत्ता त्याईनं सोता सांगतलं."

शालूताईंनी जे सुरू केलं ते पाच मिनिटं चाललं. पौर्णिमा मोबाइल कानापासून चार बोटं लांब धरून ऐकत होती, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू येत होतं. आमचा पोरगा काय रस्त्यावर पडला हाय का. ज्या घरचा बाप बनियनवर बसते त्या घरची पोरगी आमालेच नोहती पाह्यजे. गाडीचं भाडं कोन देईन. जानरावचा उद्धार झाला, खुशालरावांचा झाला, सगळ्या दर्यापूर तालुक्याचा झाला. पौर्णिमा प्रत्येक वेळी "हो काकू" म्हणत होती आणि मी वाट पाहत होतो की आता तिची पाळी येईल.

ती आली नाही. पलीकडे पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग शालूताई जरा दमून म्हणाल्या, "बरं. आता तूच पाहाजो दुसरी चांगली पोरगी. पन फोन तूच करजो, त्या खुशालरावले नोको करू देजो."

खुशालराव समोरच्याच खुर्चीत बसले होते.